पाण्याला बसू द्यावं

४ जून

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद, आणि लहानपणी मारायच्या राहून गेलेल्या दोन टपल्या.

तुझ्या प्रयोगशाळेसाठी विहिरीच्या पाण्याच्या या महिन्याच्या दोन्ही बाटल्या काल संध्याकाळी दवाखान्यात कंपाउंडरच्या हवाली केल्या. तुझा अकरा कलमांचा कागद मी कपाटाच्या दाराला आतून डकवला आहे. बाटल्या भरण्यापूर्वी तो मोठ्यांदा वाचतो. बाटली काठोकाठ भरा. झाकण लावताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बाटली उलटी करा, टिचकी मारा, बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. चौतीस वर्षं मी मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, आणि आता उतारवयात तू माझ्याकडून ही अकरा कडवी पाठ करून घेतलीस. यमक नाही, पण ठेका आहे. दोन वर्षांत एकही कडवं चुकलेलं नाही. तुला पाठवायचं पाणी म्हणजे पाहुण्याच्या हाती द्यायचं पाणी. त्याची निगा राखावी तेवढी थोडीच.

काल बाटल्या भरताना स्वयंपाकघरातली तुझी जागा दिसली. तू खिडकीखालच्या बाकड्यावर पालथी पडून गणितं करते आहेस, तुझी मामी शेगडीपाशी बसली आहे, आणि मी शाळेतून येऊन दारात छत्री झटकतो आहे. खिडकी बंद. कारखान्याच्या धुराड्याची काजळी आत यायची म्हणून ती कायमच बंद. आणि घरात तो मंद, गोडसर वास. तुला आठवतो का गं तो? दुपारनंतर यायचा. तुझी मामी म्हणायची, "लोकांच्या घराला तेलाचा वास, आपल्या घराला सुखाचा." आता येत नाही. नाक म्हातारं झालं असेल, नाहीतर सुख.

एक गोष्ट मात्र खटकली. कंपाउंडरने बाटली हातात घेतली ती थेट उजेडाकडे धरली. मी विचारलं, "काय बघता?" तर म्हणाला, "काही नाही मास्तर, निवळशंख आहे की हो पाणी." आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही. त्याचा मेहुणा कारखान्यात धुलाईखात्यावर आहे हे तुला माहीत असेलच. बाटल्या रात्रभर त्याच्याच फ्रिजमध्ये असतात. मी काही म्हणत नाही. फक्त कळवून ठेवतो.

तुझा,
मामा

---

१२ जून

ती. मामांना,

सा. नमस्कार. बाटल्या मिळाल्या. टपल्या वाटेत गहाळ झाल्या, तेव्हा पुढच्या खेपेला नोंदणी करून पाठवा.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, आणि वसाहतीचे फोन कारखान्याच्याच खोलीतून जोडले जातात. म्हणून हे लिहून कळवते. वाचून झालं की पत्र जपून ठेवा, उघड्यावर टाकू नका.

तुमच्या गल्लीचा निकाल पुन्हा तोच. पाऊण. बाकीच्या गल्ल्या वसाहतीच्या फाटकाबाहेर आहेत, तिथे माझे विद्यार्थी स्वतः जाऊन पाणी घेतात; आत त्यांना सोडत नाहीत. पहिल्या गल्लीत चाळीस, मधल्या दोन्हींत साठ-सत्तर. नियमात लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. आणि तुमची शेवटची गल्ली, जी कारखान्याच्या खड्ड्याला सगळ्यांत जवळ, तिथे पाऊण! हे म्हणजे चुलीपासून दूर बसलेल्यांचे हात भाजावेत आणि चुलीत हात घातलेल्याला थंडी वाजावी तसं झालं.

त्या खड्ड्यात काय आहे ते पुन्हा सांगते. यंत्रांचे भाग ज्या औषधाने धुतात ते वापरून झालं की कारखान्याने तीस वर्षं तिथे ओतलं. ते माणसाच्या मूत्रपिंडात काय करतं यावर माझी बावीस वर्षं गेली. आधी उंदीर, मग कामगारांच्या लघवीचे नमुने, मग विहिरी. अकरा वर्षांपूर्वी मामीचा रिपोर्ट माझ्या हातात आला तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द मला आधीपासून पाठ होता.

२१ ऑगस्टला समितीपुढे सुनावणी आहे. विहिरी बंद करून खड्डा उपसायचा की नाही हे त्या दिवशी ठरेल. कारखान्याचं म्हणणं एकच: खड्डा झिरपत असता तर सर्वांत जवळची गल्ली सर्वांत वाईट निघाली असती. ती तर स्वच्छ आहे. म्हणजे खड्ड्याचा दोष नाही. हे म्हणणं तुमच्या बाटल्यांवर उभं आहे, मामा.

ते पाणी स्वच्छ असूच शकत नाही. मला खात्री आहे. मग बाटलीतलं पाणी कोण बदलतंय?

माझा संशय काटा सरांवर आहे. होय, ज्यांनी मला घडवलं तेच. कोरा कागदसुद्धा वजन करून घेणारे. गेल्या वर्षापासून ते कारखान्याचे सल्लागार आहेत, आणि आमच्याकडे आलेली प्रत्येक बाटली आधी त्यांच्या थंड कपाटात जाते. किल्ली त्यांच्याच खिशात. मी त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. सुनावणीत सगळ्यांसमोर वाचणार आहे.

आणि हो, तुमच्या पाकिटाला दोनदा डिंक लावलेला होता. ते कुणी उघडलं?

तुमची,
शंकासुर

---

१९ जून

चि. शंकासुरास,

आशीर्वाद.

पाकीट मीच उघडलं. बंद केल्यावर दोन ओळी सुचल्या, त्या लिहिल्या, मग दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त झाली म्हणून खोडून पुन्हा चिकटवलं. तू खोडलेलं उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न केला असशील, तू काही कंपाउंडरपेक्षा कमी नाहीस.

तुझ्या काटा सरांबद्दल वाचलं आणि एक जुनी गोष्ट वर आली. तुला त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली तेव्हा ते आपल्या घरी आले होते. आठवतं? स्वयंपाकघरातच बसले. तुझ्या मामीने पाणी दिलं. त्यांनी अर्धा पेला पाणी प्यायलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ती खिडकी उघडली तर चालेल का?" ती म्हणाली, "काजळी येते हो." दहा मिनिटांत गृहस्थ उठले. बावीस वर्षं मी ते मनात धरून आहे. ज्या घरात आपली विद्यार्थिनी वाढली त्या घरात यांचा जीव गुदमरतो? तेव्हा वाटलं होतं, मोठा माणूस, छोटं घर. आता तुझं पत्र वाचून वाटतं, त्यांना तेव्हाच काही ठाऊक होतं की काय? असेल तर ते बोलले का नाहीत?

तरी माझा पहिला नंबर कंपाउंडरचाच. काल मी दवाखान्यासमोरच्या बाकावर पाऊण तास बसलो. खोकल्याचं निमित्त. तो तीनदा आत गेला आणि दोनदा फ्रिजचं दार वाजलं. तिसऱ्या वेळी का वाजलं नाही, हा प्रश्न उरतोच.

आता उपाय ऐक. पुढच्या बाटल्यांच्या मानेला मी तुझ्या मामीच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा बांधणार आहे. शाळेत नकाशे गुंडाळून ज्या गाठीने बांधायचो, त्याच गाठीने. ती गाठ मला आणि शाळेच्या जुन्या शिपायाला येते, आणि शिपाई वारला. तुला तिचं चित्र काढून पाठवतो आहे. गाठ जशीच्या तशी आली तर वाटेत कुणी हात लावलेला नाही. वेगळी आली तर कंपाउंडर. गाठ ठीक आणि पाणी बदललेलं, तर तुझे काटा सर.

शिंप्याच्या सुनेला परवा शहरात नेलं. पोटात, पाठीकडच्या बाजूला गाठ आहे म्हणतात. तिने मला विचारलं, "मास्तर, तुमच्या भाचीने आपलं पाणी तपासलं ना? चांगलं आहे ना?" मी म्हटलं, चांगलं आलंय.

तुझा,
मामा

---

११ जुलै

आदरणीय मामा,

नमस्कार.

दोन्ही बाटल्या मिळाल्या. निळा दोरा आणि गाठी चित्राप्रमाणे होत्या. पार्सल फोडून सरांच्या कपाटात न ठेवता मी एक बाटली त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे सरांना कुणी ओळखत नाही, मलाही नाही. त्यांचा निकाल पाऊण. आमच्याकडच्या बाटलीचाही पाऊण.

म्हणजे वाटेत कुणी काही केलेलं नाही. सरांनीही नाही. तक्रार मी फाडून टाकली. ज्या माणसाने मला तराजू धरायला शिकवलं त्याला मी भर सभेत चोर म्हणणार होते.

आता कृपया खालील गोष्टींची उत्तरं द्यावीत. बाटल्या तुम्ही स्वतःच भरता का? पाणी नक्की गल्लीतल्या विहिरीचंच असतं का? भरताना सोबत कुणी असतं का? कारखान्यातून कुणी तुम्हाला भेटायला आलं होतं का? जुने विद्यार्थी, शाळेचे विश्वस्त, कुणीही?

५ ऑगस्टपर्यंत मला कुठले नमुने ग्राह्य धरायचे याची यादी द्यायची आहे. उत्तर लवकर यावं.

आपली,
भाची

---

१८ जुलै

चि. भाचीबाईंस,

'तीर्थरूपा'वरून एकदम 'आदरणीय' केलंत. ही बढती की बदली?

उत्तरं क्रमाने. बाटल्या मीच भरतो. पाणी त्याच विहिरीचं, जिच्या काठावर तू दुधाचा पहिला दात पाडलास. सोबत कुणी नसतं, कारण सोबत होती ती अकरा वर्षांपूर्वी गेली. कारखान्यातून भेटायला रोज कुणी ना कुणी येतं, कारण या वसाहतीत कारखान्याबाहेरचा माणूस मिळायचाच नाही. फाटकावरचा पहारेकरी माझा विद्यार्थी. धुलाईखात्याचा मुकादम माझा विद्यार्थी, आणि तो अजूनही ऱ्हस्व-दीर्घात चुकतो. त्यांनी मला विकत घेतलं असं तुला म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हण. वर्गात मी प्रश्नाच्या आड लपणाऱ्या मुलाला उभं करायचो.

पण तू चुकीच्या माणसाला उभं करते आहेस. ऐक. काल भर दुपारी बाराला मी ओसरीवर डोळा लावून पडलो होतो. रहाटाचा आवाज आला. बघतो तर कंपाउंडर आपल्या विहिरीवर! हातात बाटली, तुझ्या बाटल्यांसारखीच, तपकिरी काचेची. मला बघून बाटली खिशात घातली. मी म्हटलं, "काय हो?" म्हणे, "तहान लागली होती." दवाखान्याच्या शेजारी दुसरी विहीर असताना हा इसम अर्धा मैल उन्हात चालत येतो आणि औषधाच्या बाटलीतून पाणी पितो!

हा कारखान्याचा माणूस आहे. माझी गाठ सोडवता आली नाही म्हणून तो आता विहिरीतच काही करायला बघतोय. मी आजपासून ओसरीवर झोपत नाही, पहारा देतो.

मामा

---

२४ जुलै

मामा,

कंपाउंडर माझा माणूस आहे. त्याला बाटली मी पाठवली होती, आणि तुम्हाला कळू देऊ नका असं मीच सांगितलं होतं. बिचारा खोटं बोलायला शिकलेला नाही, म्हणून तहान सुचली.

त्याच्या बाटलीत चौऱ्याण्णव निघाले. चौऱ्याण्णव, मामा. विहीर तीच, महिना तोच, आणि तुमच्या बाटलीत पाऊण.

दोन वर्षं मी सगळ्यांवर संशय घेतला. टपाल, कंपाउंडर, सर. ज्याच्यावर घ्यायचा नव्हता तो एकच माणूस उरला. तुम्ही दुसरं कुठलं तरी पाणी पाठवत आहात. का, ते मला विचारायचं नाही. कदाचित शाळा. कदाचित ती सगळी मुलं, ज्यांची पोटं त्या कारखान्यावर आहेत. मी समजू शकते, माफ करू शकत नाही. शिंप्याच्या सुनेला पाणी चांगलं आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?

आणि आता बोलतेच. मामी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गावर गेलात. पहिल्या तासाला कविता शिकवलीत. मी दाराआडून ऐकत होते. ते मी कधी बोलले नाही, पण विसरलेही नाही.

यादीत मला लिहावं लागेल: 'शेवटची गल्ली वगळावी, नमुने गोळा करणाऱ्याची खात्री देता येत नाही.' ती गल्ली गेली की खड्डा सुटला. कंपाउंडरची एक बाटली दोन वर्षांच्या चोवीस निकालांपुढे टिकणार नाही. तुमच्या हातात अजून दहा दिवस आहेत. खरं काय ते सांगा.

– 

---

३१ जुलै (तातडीच्या टपालाने)

बाळ,

हे पत्र वाचताना आधी बस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ऑगस्टच्या बाटल्यांची तयारी करायला घेतली. तू वगळणार असलीस तरी मी माझं काम सोडणार नव्हतो, एवढा ताठा अजून आहे. दुपारी चारच्या सुमाराला कंपाउंडर दारात. माफी मागायला आला होता. मी त्याला आत घेतलं नाही, पण तो आलाच. स्वयंपाकघराच्या दारात थबकला.

"मास्तर, हे काय?"

"पाणी बसलंय."

"कुणासाठी?"

"प्रयोगशाळेसाठी. कुणासाठी म्हणजे?"

तो बाकड्यावर बसला, तुझ्याच. म्हणाला, "विहिरीतून कधी काढलंत?"

"सकाळी सातला. अजून गाळायचंय."

"गाळायचंय?"

"दुहेरी कापडातून. मग बाटल्या."

तो मला हसेल असं वाटलं. हसला नाही. त्या पसरट पातेल्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू, एखाद्या रोग्याला सांगावं तसं म्हणाला, "मास्तर, सोड्याची बाटली सकाळी परातीत ओतली आणि संध्याकाळी प्यायला बसलात, तर काय प्याल?"

"साधं पाणी."

"आणि बुडबुडे?"

मी पातेल्यात वाकून बघितलं.

"ताई पाण्यात शोधतात ते औषध तसंच आहे. उघड्यावर ठेवलं की उडून जातं. म्हणून तर त्या लिहितात, बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका. मास्तर, तुम्ही सगळं उडून जाऊ देता आणि मग बुडबुडा शोधत बसता!"

बाळ, मी दुसरं पाणी पाठवलं नाही. त्याच विहिरीचं पाठवलं. पण तुझ्या मामीच्या रीतीने. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने मला शिकवलं होतं: पाणी लांबून, दमून येतं. त्याला बसू द्यावं. दिवसभर पसरट भांड्यात उघडं ठेवावं, गाळ खाली जाऊ द्यावा, मग गाळून घ्यावं. कच्चं पाणी कुणाच्या हाती देऊ नये. तिचं एक घरगुती गाणं होतं, तूही म्हणायचीस:

पाणी बसू दे, गाळ खाली जाऊ दे,
वरचे वरचे मग ओंजळीत घेऊ दे.

तुला गढूळ पाणी पाठवायची मला लाज वाटली. तुझ्या अकरा कलमांत 'पाणी बसू देऊ नका' असं कुठे नव्हतं. मी आता पुन्हा वाचलं. नाही. पण कागदावर दोष ढकलणारी मुलं मी कधी सोडली नाहीत, तेव्हा तो विषय संपला. चोवीस महिने शिंप्याच्या घराने, सगळ्या गल्लीने माझ्या निवळलेल्या पाण्याचा निकाल ऐकला आणि विहिरीचं पाणी प्यायलं. मी शिंप्याला जाऊन हे सांगितलं. त्याच्या शिवणयंत्राचं चाक थांबलं.

मी सुनावणीला येतो. पातेलं घेऊन येतो. जे केलं ते उभं राहून सांगतो.

वर्गाबद्दल लिहिलंस. त्या दिवशी घरात थांबलो असतो तर तिच्या प्रत्येक भांड्याने मला विचारलं असतं, ती कुठे आहे. वर्गात तेवढं कुणी विचारणार नव्हतं. एवढंच.

आता माझा एक प्रश्न. कंपाउंडर बोलता बोलता म्हणाला, त्या औषधाला गोडसर वास असतो, त्याचा मेहुणा धुलाईखात्यातून घरी आला की कपड्यांना येतो. मी त्याला विचारलं, "पाण्यातून उडून ते जातं कुठे?" तो बाटल्यांचं खोकं आवरायला लागला. तू सांग.

मामा

---

६ ऑगस्ट

ती. मामांना,

सा. नमस्कार. आणि पायांवर डोकं.

मी काय काय लिहिलं तुम्हाला! ते पत्र जाळा. अकरा कलमं मी लिहिली, बारावं मला सुचलं नाही. का सुचलं नाही? पाणी कोणी दिवसभर बसू देईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मी त्याच घरात नऊ वर्षं तेच पाणी प्यायले, तेच गाणं म्हटलं. प्रयोगशाळेत शिरताना मी मामीला दाराबाहेर उभं केलं होतं.

यादीत शेवटची गल्ली आहे. गोळा करणाऱ्याचं नाव आहे, आणि पुढे पूर्ण हकिकत लिहिली आहे. आता तुमची चूक हाच आमचा पुरावा झाला आहे. दिवसभर बसूनही, गाळूनही तुमच्या पाण्यात पाऊण उरत होता. मुळात किती असेल तर एवढं उरेल, हे मोजता येतं.

काटा सरांकडे मी गेले. सगळं सांगितलं, तक्रारीसकट. मग तुमच्या खिडकीचं विचारलं मी. म्हणाले, "मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. डोकं जड झालं, एवढंच. नाकाला कळलं होतं. पण मी नाकाची नोंद वहीत केली नाही." त्यांनी सल्लागारपद सोडलं आहे. सुनावणीत पाण्याची चाचणी तेच करणार आहेत. मास्तरांना म्हणावं पातेलं न घासता आणा, असा निरोप आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हवेत जातं. हवेत पातळ होतं. खिडक्या उघड्या ठेवा.

पुढचा आठवडा मी तपासणीच्या कामात आहे. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नका.

तुमची,
शंकासुर

---

२३ ऑगस्ट

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद.

परवा सभागृहात इतकी माणसं होती की आपल्याला नीट बोलताच आलं नाही. म्हणून लिहितो.

कारखान्याच्या वकिलाने मला उभं केलं तेव्हा पहिल्यांदाच फळा नसलेल्या ठिकाणी उभा राहिलो. तो म्हणाला, "म्हणजे मास्तर, दोन वर्षं तुम्ही चुकीचं पाणी पाठवलंत?" मी म्हटलं, "हो." "मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" मी म्हटलं, "ठेवू नका. विहीर तिथेच आहे, जाऊन भरा." मागे कुणीतरी हसलं. तो मुकादम होता, ऱ्हस्व-दीर्घवाला. त्याची नोकरी आता राहते की जाते कोण जाणे, पण हसला.

आणि समितीने खरंच माणूस पाठवला, पहाऱ्यात पाणी आणलं. अर्धं बाटलीत, अर्धं तुझ्या मामीच्या पातेल्यात. ते पातेलं तुझ्या सरांच्या चकचकीत तराजूशेजारी बघून मला हसावं की काय ते कळेना. संध्याकाळी आकडे वाचले. बाटलीत एक्क्याण्णव. पातेल्यात सव्वा. विहिरी त्याच दिवशी बंद करायचा हुकूम निघाला. काल आपल्या रहाटाला साखळी लावली. खड्डा पुढच्या महिन्यात उपसणार. शिंप्याची सून अजून शहरातच आहे.

आता घरातलं.

मी दोन दिवस स्वयंपाकघरात बसून हिशेब जुळवतोय. एक्क्याण्णव बाटलीत आणि सव्वा पातेल्यात. उरलेलं हवेत जातं, तू लिहिलंस. पातळ होतं. बाहेरच्या हवेत होत असेल. दहा पावलांच्या खोलीत, खिडकी बंद, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पसरट भांडं उघडं, दुपारनंतर गोडसर वास. मी शाळेत असायचो. त्या खोलीत कोण असायचं? तिने पाणी निवळून मला आणि तुला दिलं, आणि पाण्यातलं जे गेलं ते श्वासाने स्वतः घेतलं. एकतीस वर्षं. तू म्हणशील, एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही, शास्त्र तसं बोलत नाही. ठीक आहे. मी शास्त्रज्ञ नाही.

माझ्या जूनच्या पत्रात तुला विचारलं होतं, तो वास आठवतो का. त्यानंतर तू माझ्या प्रत्येक ओळीला उत्तर दिलंस, डिंकाचंसुद्धा विचारलंस. त्या ओळीला दिलं नाहीस. 'ते पाणी स्वच्छ असूच शकत नाही, मला खात्री आहे' असं लिहिलंस, तेव्हा मला वाटलं ही शास्त्राची खात्री. आता वाटतं, ती नाकाची होती.

मी खिडकी उघडली आहे. खिळे गंजले होते, कंपाउंडरने पक्कड आणली. तो रोज येतो, आता कशाला येतो ते विचारत नाही. काजळी येते. हे पत्र लिहितानाही दोनदा फुंकलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. कागदावरचे डाग शाईचे नाहीत.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा समितीपुढे तू आकडे वाचायला हात वर केलास तेव्हा बाही खाली सरकली. कोपराच्या आत, रक्त काढल्यावर लावतात तसा, कापसाचा बोळा चिकटवलेला होता. तू लगेच बाही ओढलीस, आणि ओढताना माझ्याकडे बघितलंस. लहानपणी चुकलेलं गणित हाताखाली झाकायचीस तसंच.

त्या बाकड्यावर, त्या खिडकीखाली, तिच्या शेजारी, तू नऊ वर्षं बसलीस.

'तपासणीच्या कामात आहे' असं लिहिलंस. कुणाच्या?

उलट टपाली उत्तर दे. आणि 'खिडक्या उघड्या ठेवा' असलं काही लिहून पाठवू नकोस, खिडकी उघडी आहे. आकडा लिही. तो एक असो की शंभर, मी वाचेन. मी बसलो आहे.

तुझा,
मामा